टपावरचं ऊन: सौर गाडीचा सत्तर वर्षांचा हिशोब

इलेक्ट्रिक गाडी दिवसभर उन्हात उभी असते, मग टपावर सौर पॅनेल लावून चार्जिंगची कटकट का संपवत नाहीत? हा प्रश्न आजचा नाही, चांगला सत्तर वर्षांचा आहे.

३१ ऑगस्ट १९५५. शिकागोतल्या प्रदर्शनात जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यांनी ‘सनमोबिल’ दाखवली. सेलेनियमचे १२ सेल, छोटीशी मोटर, आणि चाकं उन्हावर फिरली! पण गाडीची लांबी जेमतेम १५ इंच. बसणार कोण?

पुढे डिसेंबर १९८२ मध्ये हान्स थोलस्ट्रप आणि लॅरी पर्किन्स ‘क्वाएट अचीव्हर’ घेऊन ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाले. ४,००० किलोमीटरवरच्या सिडनीला पोचायला लागले २० दिवस. सरासरी वेग ताशी सुमारे २३ किलोमीटर, म्हणजे सायकलचाच म्हणा ना.

मग थोलस्ट्रप यांनी शर्यतच सुरू केली. १९८७, डार्विन ते अ‍ॅडलेड, सुमारे ३,००० किलोमीटर. जिंकली जनरल मोटर्सची ‘सनरेसर’, ताशी सुमारे ६७ किलोमीटरने. पाच वर्षांत वेग जवळजवळ तिप्पट! ऊन तर तेच होतं. सेल सुधारले होते, हे खरं. पण गाडीही बदलली होती. एकाच माणसाची, चपटी, वारा कापणारी, वजन फक्त २६५ किलोच्या आसपास.

आता आपल्या घरच्या गाडीकडे या. टपावर पॅनेल बसेल साधारण दोन चौरस मीटर. भर दुपारी एका चौरस मीटरवर अंदाजे १,००० वॅट ऊन पडतं, त्याचा पाचवा हिस्सा वीज होते. म्हणजे ४०० वॅट. पाच तास कडक ऊन धरलं तर २ युनिट. एका युनिटला सहा किलोमीटर, म्हणजे दिवसाला बारा. तेही कागदावर! धूळ, ढग, शेजारच्या इमारतीची सावली अजून धरलीच नाही.

नेदरलँड्सच्या ‘लाइटइयर ०’ने पाच चौरस मीटर पॅनेल लावून दिवसाला ७० किलोमीटरपर्यंतचा दावा केला. किंमत अडीच लाख युरो. जानेवारी २०२३ मध्ये उत्पादन बंद पडलं.

पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीची ‘ईव्हा’ मात्र वेगळ्या वाटेनं गेली. गाडीच चिमुकली, आणि दावाही बेताचा: उन्हावर वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंत. रोजचे आठ झाले.

इतिहास सांगतो तो एवढंच. ऊन वाढत नाही, गाडीची भूक कमी करावी लागते. गाडी हलकी, रोजचा पल्ला छोटा आणि पार्किंग उघड्यावर असेल, तर टपावरचं पॅनेल वरखर्चाला उपयोगी. नाहीतर तेच पॅनेल घराच्या गच्चीवर लावा आणि गाडी खुशाल सावलीत ठेवा. भेटू पुढच्या भागात!