पुष्पप्रदर्शन आणि शेतमजुराची जमीन : सफोकमधील हिचॅम गावचा प्रयोग (१८३९–१८६१)

प्रस्तावना

इंग्लंडमधील खेड्यांत उन्हाळा सरत आला की फुले, भाजीपाला, फळे आणि हस्तकलेच्या वस्तू यांचे वार्षिक प्रदर्शन भरते. गावच्या मैदानावर तंबू उभारला जातो, लांबलचक मेजांवर पांढरी कापडे अंथरली जातात आणि त्यांवर एकसारख्या आकाराचे कांदे, सोललेल्या वाटाण्यासारखे नीटस मांडलेले बटाटे, डेलियाची फुले, मुरंबे, विणकाम आणि मुलांनी ताटलीत रचलेल्या चिमुकल्या बागा ओळीने ठेवलेल्या दिसतात. परीक्षक येऊन चिठ्ठ्या ठेवून जातात आणि दुपारी गाव पाहावयास लोटते. ग्रामीण इंग्लंडचे हे एक निरुपद्रवी, काहीसे भाबडे चित्र म्हणून कथा-कादंबऱ्यांतून व चित्रपटांतून रंगविले गेले आहे. वास्तविक या प्रदर्शनाचा इतिहास तितका निरुपद्रवी नाही. मेजावर ठेवलेला कांदा कोणाच्या जमिनीत पिकला, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात अतिशय झोंबणारा होता. सफोक परगण्यातील हिचॅम या गावी जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांनी भरविलेल्या प्रदर्शनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विणकरांचे फूल, जमीनदाराचे बक्षीस

फुलांची स्पर्धा ही मुळात उमरावांची निर्मिती नव्हे. नॉरिच येथे १६३१ साली 'फ्लोरिस्ट' मंडळींची मेजवानी झाल्याचा आणि तिच्या निमित्ताने एक नाटक सादर केले गेल्याचा पुरावा उपलब्ध आहे. त्या काळी 'फ्लोरिस्ट' याचा अर्थ फुले विकणारा असा नव्हता. विशिष्ट फुलांच्या जाती हौसेने जोपासणारा, असा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही हौस कारागीर वर्गात खोलवर रुजली. लँकेशायरच्या हातमागावर बसणारे विणकर ऑरिक्युला जोपासत, तर स्कॉटलंडमधील पेझ्लीचे विणकर नक्षीदार पाकळ्यांच्या 'पिंक' फुलांसाठी प्रसिद्ध होते. घरीच माग असल्यामुळे ऊन वाढताच कुंडी सावलीत नेणे त्यांना शक्य होते, ही साधी गोष्ट या संदर्भात महत्त्वाची ठरते. गूजबेरीच्या फळांची वजने करण्याच्या स्पर्धाही याच वर्गाच्या. यॉर्कशायरमधील एग्टन ब्रिज येथील गूजबेरी मंडळ १८०० सालापासूनचे मानले जाते. या स्पर्धा बहुधा मद्यालयांत भरत, नियम स्पर्धकच ठरवीत आणि बक्षीस म्हणून तांब्याची किटली मिळे.

पुढे चित्र पालटले. १८०४ मध्ये लंडनमध्ये हॉर्टिकल्चरल सोसायटीची स्थापना झाली. तीच १८६१ च्या सनदेनंतर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या पाठोपाठ परगण्या-परगण्यांत उद्यानविषयक संस्था निघाल्या. त्यांच्या प्रदर्शनांत जमीनदार, त्यांचे पगारी माळी, रोपवाटिकांचे मालक आणि झोपडीत राहणारे मजूर यांचे वर्ग वेगवेगळे असत. जमीनदाराच्या काचगृहातील द्राक्षे माळी वाढवी, परंतु बक्षीस बहुधा मालकाच्या नावे जाहीर होई. मजुरांच्या वर्गात मात्र भाजीबरोबर चारित्र्यही तपासले जाई. झोपडी स्वच्छ आहे काय, तो चर्चला जातो काय, मद्यालयाकडे फिरकत तर नाही ना, अशा कसोट्या बक्षिसाशी जोडल्या गेल्या. मद्यालयातील स्पर्धा उठून धर्मगुरूच्या हिरवळीवर आली, तेव्हा केवळ जागा बदलली नाही. नियम करणाराही बदलला.

सफोकची पार्श्वभूमी

हा बदल ज्या काळात घडला तो काळ शेतमजुरांच्या दृष्टीने अत्यंत कठीण होता. गायराने व सामाईक जमिनी कायद्याने कुंपण घालून खाजगी करण्याची प्रक्रिया जवळजवळ पूर्ण होत आली होती. गाय चारणे, सरपण गोळा करणे, शेंगाटाणी वेचणे यांसारखे जुने आधार तुटत होते. १८३० मध्ये दक्षिण व पूर्व इंग्लंडात 'कॅप्टन स्विंग' या कल्पित नावाने मळणीयंत्रे मोडण्याचे उठाव झाले. १८३४ च्या गरीब-साहाय्य कायद्याने मदतीची अट म्हणून श्रमगृहाचा दरवाजा दाखविला. १८४३-४४ मध्ये सफोकात गंज्या व कोठारे पेटविण्याचे इतके प्रकार घडले की 'द टाइम्स'ने आपला खास बातमीदार तिकडे धाडला. मजुराची साप्ताहिक मजुरी १० शिलिंगांच्याही आत होती आणि पावसाळी दिवशी तीही बुडे.

कुंपणबंदीच्या १८४५ च्या कायद्यात मजुरांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद होती. प्रत्यक्षात १८६९ पर्यंत सुमारे ६ लाख १५ हजार एकर जमीन कुंपणात गेली आणि त्यांपैकी मजुरांच्या वाट्याला जेमतेम २,२०० एकर आली. अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेले हे प्रमाण लक्षात घेतल्यावाचून हिचॅमच्या प्रयोगाचे मोल कळणार नाही.

हेन्स्लो आणि हिचॅम

हेन्स्लो हे नाव आज प्रामुख्याने चार्ल्स डार्विनचे गुरू म्हणून घेतले जाते. १८२५ पासून ते केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १८३१ मध्ये 'बीगल' जहाजावरील सफरीसाठी डार्विनचे नाव त्यांनीच सुचविले. १८३७ मध्ये हिचॅमची धर्मगुरूची जागा त्यांना मिळाली. १८३९ मध्ये ते तेथे कायमचे राहावयास गेले. वर्षाला १,००० पौंडांहून अधिक उत्पन्नाची ही जागा होती. सुमारे हजार वस्तीचे हे गाव मात्र दारिद्र्याने ग्रासलेले होते. केंब्रिजच्या विद्वानाने आडगावी जाऊन आपली बुद्धी वाया घालविली, असा सूर काही चरित्रकारांनी लावला आहे. तो मान्य होण्यासारखा नाही. हेन्स्लोंच्या बुद्धीचा सर्वांत स्वतंत्र आविष्कार हिचॅमलाच झाला, असे मानावयास जागा आहे.

प्रारंभी त्यांनी शाळा काढली आणि शेतकऱ्यांसाठी खतांवरील प्रयोग सुचविले. १८४३ मध्ये फेलिक्स्टो येथील फॉस्फेटयुक्त खड्यांकडे त्यांनी लक्ष वेधले आणि त्यातून पुढे खतांचा एक मोठा उद्योग उभा राहिला. शेतकऱ्यांचा फायदा होईपर्यंत त्यांचे हेन्स्लोंशी जमले. त्यांनी मजुरांना भाडेपट्ट्याने जमिनीचे लहान तुकडे, म्हणजे 'अ‍ॅलॉटमेंट', देण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा संघर्ष उद्भवला. स्वतःच्या तुकड्यावर राबणारा मजूर आपल्या शेतात अंग चोरील, त्याला मस्ती येईल, तो बियाणे लांबवील, असे आक्षेप गावातील शेतकऱ्यांनी घेतले. ते केवळ कुरकुरीवर थांबले नाहीत. असा तुकडा धारण करणाऱ्या रोजंदारीच्या मजुराला काम द्यावयाचे नाही आणि त्याला कोणतीही सवलत दाखवावयाची नाही, असा करारच त्यांनी आपापसांत केला. ज्या मजुराला दुसरे उत्पन्न नव्हते, त्याच्यासाठी ही उपासमारीची धमकी होती. हेन्स्लो मागे हटले नाहीत; तुकड्यांची संख्या वाढतच गेली.

रेक्टरीच्या हिरवळीवर

हिचॅमच्या 'मजूर व कारागीर उद्यान मंडळा'ची प्रदर्शने या पार्श्वभूमीवर भरत. जुलैत एक आणि सप्टेंबरात एक, अशी वर्षातून दोन प्रदर्शने रेक्टरीच्या हिरवळीवर होत. पहिल्यात फुले व लवकर येणारी भाजी, दुसऱ्यात मुख्यतः तुकड्यांवरील पीक. गावच्या मजुराने बटाटे, गाजरे, कांदे आणून सर्वांसमक्ष मांडणे हे येथे शेतकऱ्यांच्या आक्षेपाला दिलेले उत्तर होते. तुकड्यावर काय पिकू शकते, हे बहिष्कार घालणाऱ्यांनाही चालत येऊन पाहता येत होते. प्रदर्शनाचा हा उपयोग इतरत्र सहसा आढळत नाही. अन्यत्र जमीन नसलेल्या मजुराच्या परसातील दोन कोब्यांना बक्षीस देऊन दातृत्व मिरविले जाई. हिचॅमला आधी जमीन आली आणि मग बक्षीस.

दुसरे वेगळेपण अधिक लक्षणीय आहे. हिरवळीवरील एका तंबूत हेन्स्लो तात्पुरते संग्रहालय मांडीत. खडे, जीवाश्म, कीटक, पक्षी, वनस्पतींचे नमुने, परदेशांतील वस्तू असे त्याचे स्वरूप असे. या वस्तूंजवळ उभे राहून ते गावकऱ्यांना पाच-दहा मिनिटांची छोटी व्याख्याने देत. त्यांना त्यांनी 'लेक्चरेट' असे गमतीदार नाव दिले होते. खेड्यातील प्रदर्शनाला निसर्गाचा विषय जोडण्याची आज सर्रास दिसणारी पद्धत येथे सुरुवातीच्याच काळात, आणि पुष्कळ गंभीरपणे, अवलंबिलेली दिसते. याच वृत्तीने ते गावकऱ्यांना सहलींना नेत. १८५४ मध्ये तर केंब्रिजलाच नेले.

मुलांसाठी रानफुलांच्या गुच्छांची स्पर्धा असे. परंतु गुच्छ केवळ शोभेचा नव्हता. १८५० नंतरच्या दशकात हेन्स्लोंनी गावच्या शाळेत ऐच्छिक वनस्पतिशास्त्राचा वर्ग चालविला आणि त्यात मजुरांच्या मुलींचा भरणा मोठा होता. वर्गात प्रवेश हवा तर वनस्पतींच्या गटांची अवजड लॅटिन-ग्रीक नावे अचूक लिहिता आली पाहिजेत, अशी अट होती. मुली फूल उघडून पुंकेसर, स्त्रीकेसर मोजीत, ठरावीक तक्त्यात नोंदी करीत आणि गावच्या शिवारातील वनस्पती ओळखून आणीत. शेतमजुराच्या मुलीला असल्या शब्दांची काय गरज, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणारच. हेन्स्लोंची भूमिका अशी की नीट पाहण्याची आणि पाहिलेले नेमके सांगण्याची शिस्त ही कोणत्याही वर्गाची मिरासदारी नाही. १८५६ मध्ये 'गार्डनर्स क्रॉनिकल'मधून त्यांनी ही पद्धती सर्व वर्गांतील नवशिक्यांसाठी म्हणून लेखमालेत मांडली.

या मुलींचे ज्ञान गावापुरते राहिले नाही. १८५५ मध्ये डार्विनला प्रयोगांसाठी रानवनस्पतींच्या बिया हव्या होत्या. त्याने हेन्स्लोंना पत्र लिहून गावच्या मुलींकडून त्या मागविल्या आणि त्याबद्दल अल्प मोबदला देऊ केला. बिया समुद्राच्या पाण्यात किती काळ तग धरतात याचे त्याचे प्रयोग याच वर्षी सुरू होते. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये (१८५९) नोंदविल्याप्रमाणे ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही उगवले. बिया गोळा करणाऱ्या मुलींची नावे मात्र विज्ञानाच्या इतिहासात फारशी कोणी शोधली नाहीत.

हिचॅमच्या या वर्गाचा एक धागा भारतापर्यंत पोहोचतो. हेन्स्लोंच्या मृत्यूनंतर त्यांच्या हस्तलिखिताच्या आधारे डॅनियल ऑलिव्हर यांनी १८६४ मध्ये प्राथमिक वनस्पतिशास्त्राचे पुस्तक तयार केले आणि १८६९ मध्ये भारतीय वनस्पतींची उदाहरणे घेऊन भारतीय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पुस्तक लिहिले. 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चे कर्ते जोसेफ डाल्टन हूकर हे तर हेन्स्लोंचे जावईच. भारतीय महाविद्यालयांत फूल उघडून त्याचे वर्णन करण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्या पूर्वपीठिकेत सफोकमधील एका खेड्याची शाळा आहे, याची दखल घ्यावयास हवी.

मर्यादा आणि नंतरचा काळ

हेन्स्लोंना क्रांतिकारक ठरविणे चुकीचे होईल. समाजातील उतरंड त्यांनी नाकारली नाही. जमिनीचे तुकडे, बक्षिसे, सहली हे सारे धर्मगुरूच्या हातून मिळणारे होते आणि त्यासोबत सद्वर्तनाच्या अपेक्षा होत्याच. मजुराला तुकडा मिळाला तो कृपेने, हक्काने नव्हे. १६ मे १८६१ रोजी हेन्स्लोंचे निधन झाले.

हक्काचा लढा पुढच्या पिढीने लढविला. १८७२ मध्ये जोसेफ आर्च यांच्या नेतृत्वाखाली शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १८७४ मध्ये सफोक व शेजारच्या परगण्यांतील शेतकऱ्यांनी संघटनेच्या सभासदांना कामावरून दूर ठेवले. हिचॅममधील जुन्या कराराचीच ही विस्तृत आवृत्ती होती. १८८४ मध्ये शेतमजुराला मताधिकार मिळाला आणि त्यानंतर तीनच वर्षांत, १८८७ मध्ये, अ‍ॅलॉटमेंटचा कायदा झाला. १९०८ च्या कायद्याने मागणी असल्यास असे तुकडे उपलब्ध करून देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. धर्मगुरूची कृपा आणि शेतकऱ्यांचा बहिष्कार या दोहोंपासून मजुराची भाजी त्यानंतरच खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

प्रदर्शनांचे स्वरूपही बदलत गेले. १९१५ पासून ब्रिटनमध्ये पसरलेल्या महिला मंडळांनी, म्हणजे 'विमेन्स इन्स्टिट्यूट'नी, मुरंबे, लोणची, विणकाम यांना मेजावर भाजीच्या बरोबरीचे स्थान दिले. त्यापूर्वी बाईचे घरकाम हे स्पर्धेत क्वचितच गणले जाई. मुलांच्या रानफुलांच्या गुच्छाची स्पर्धा मात्र पुष्कळ ठिकाणी मागे पडली आणि तिची जागा कागदी फुलपाखरांनी, कीटकांसाठी बनविलेल्या लाकडी घरांनी, ताटलीतील बागांनी घेतली. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याप्रमाणे कोणतेही रानरोप मुळासकट उपटावयाचे झाल्यास आता जमिनीच्या मालकाची अथवा ती कसणाऱ्याची परवानगी लागते.