इंजिनाच्या पोटातली सरळ रेषा

2021 साली तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेतून निलगिरी पर्वतीय रेल्वेसाठी कोळशावर चालणारे नवेकोरे वाफेचे इंजिन बाहेर पडले. धूर, शिटी आणि वारसा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. ज्या भागापासून इंजिनाचा जन्म सुरू होतो, त्या चौकटीविषयी मात्र माझ्या वाचनात फारसे काही आले नाही.

वाफेचे इंजिन म्हटले की डोळ्यांपुढे बॉयलर येतो. पण बॉयलर हा चौकटीवरचा पाहुणा असतो. तो पुढच्या टोकाला पक्का जखडतात आणि मागचे टोक सरकते ठेवतात. कारण सहा मीटर लांबीचे पोलाद 180 अंशांनी तापले की सुमारे 13 मिलिमीटरने वाढते. सिलिंडर, चाकांचे आस, बॉयलरचे वजन आणि मागच्या डब्यांची ओढ हे सारे पेलते ती चौकट: पोलादाच्या दोन लांब, उभ्या पाट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे.

हे काम ऐकायला सोपे वाटते. दोन्ही पाट्या एकसारख्या व्हाव्यात म्हणून त्या एकत्र आवळून त्यांना भोके पाडत. मग त्या उभ्या करून आडवे तुकडे तात्पुरत्या बोल्टांनी अडकवत आणि कर्ण मोजत. घराचा पाया आखताना आपले गवंडी हेच करतात. दोन्ही कर्ण समान आले तर कोपरे गुण्यात आहेत. ही कसोटी फार तिखट आहे. एक पाटी दुसरीपेक्षा फक्त 1 मिलिमीटर पुढे सरकली, तर लांबट चौकटीच्या दोन कर्णांत जवळपास 2 मिलिमीटरचा फरक पडतो. कर्ण जुळल्यावरच भोके अंतिम मापाला आणून त्यांत चपखल बोल्ट ठोकत.

यानंतरचा प्रश्न अधिक अवघड. सिलिंडरचा मध्य आणि आसाची खाच यांचा काटकोन कसा पाहायचा? दोन्हींत काही मीटरांचे अंतर, आणि मध्ये फक्त हवा. जुन्या कारागिरांनी सिलिंडरच्या मध्यातून एक पोलादी तार ताणली आणि तिलाच सरळ रेषा मानले. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. ताणलेल्या तारेला झोळ पडतोच. तो तारेच्या जाडीवर अवलंबून नसतो. घनता, लांबीचा वर्ग आणि ताण-प्रतिबल एवढेच त्यात येते. सहा मीटरची पोलादी तार 1000 मेगापास्कलपर्यंत ताणली, तरी मध्यभागी ती सुमारे 0.35 मिलिमीटर खाली येते. आडव्या दिशेने रेषा निर्दोष, उभ्या दिशेने किंचित खोटी. शिवाय तारेपासूनचे अंतर शेवटी माणसाच्या बोटांनाच जोखावे लागे.

प्रकाशाला असा झोळ पडत नाही. 1930च्या दशकात ब्रिटनमधील स्विंडन कारखान्यात के. जे. कुक यांनी जर्मनीच्या झाइस कंपनीची प्रकाशीय उपकरणे चौकटीच्या मोजमापासाठी आणली. तारेची जागा दुर्बिणीच्या दृष्टिरेषेने घेतली. लाभ अनपेक्षित वाटावा असा होता: आस आणि दांडे आपापल्या जागी नेमके बसू लागल्याने सांध्यांत मुद्दाम सोडावी लागणारी फट कमी करता आली, आणि इंजिने दोन दुरुस्त्यांच्या दरम्यान अधिक अंतर धावू लागली. पुढे 1950च्या दशकात कुक डॉनकास्टरला गेले आणि तेथील तीन सिलिंडरांच्या, नामांकित पण काहीशा नाजूक इंजिनांनाही याच पद्धतीने सुधारले. त्या इंजिनांचा मूळ आराखडा सदोष होता की जुळणी, हा वाद जुना आहे. माझा कल जुळणीकडे आहे.

भारताची गोष्ट तुटक आहे. 1895 साली अजमेरच्या कार्यशाळेत एफ-734 हे इंजिन तयार झाले. भारतात बांधलेले पहिले म्हणून ते ओळखले जाते. पण देशाला लागणारी बहुतेक इंजिने पुढील अर्धशतक बाहेरूनच येत राहिली. 1950 साली चित्तरंजनला उत्पादन सुरू झाले आणि 1972 पर्यंत तेथे 2351 वाफेची इंजिने बांधली गेली. मग ते थांबले. चौकट जुळवणारे हात निवृत्त झाले. असे ज्ञान आराखड्यात पूर्ण उतरत नाही. कोणता बोल्ट आधी आवळायचा, हे नकाशा सांगत नाही.

म्हणून गोल्डन रॉकचे काम मला मोठे वाटते. निलगिरीची जुनी ‘एक्स’ वर्गाची इंजिने 1914 ते 1952 या काळात स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथून आली होती. त्यांना चार सिलिंडर. दोन साध्या चाकांसाठी, दोन रुळांमधल्या दंतपट्टीत अडकणाऱ्या दातेरी चाकांसाठी. म्हणजे एकाच चौकटीत दोन यंत्रे, आणि दोन्हींच्या रेषा एकमेकींशी जुळलेल्या हव्यात. कल्लार ते कुन्नूर दरम्यान चढ बारास एक इतका तीव्र आहे. तेथे दाते अर्धवट अडकून चालत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एफ-734 आजही उभे आहे. गेलात तर बॉयलरसमोर छायाचित्र जरूर काढा. मग वाका, आणि आस चौकटीत जेथे शिरतो ती खाच पाहा. ती दुसऱ्या बाजूच्या खाचेसमोर नेमकी यावी, यासाठी अजमेरमध्ये कोणीतरी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी श्वास रोखून माप घेतले असणार.