ध्वनिमुद्रित गीतांचे दिनविशेष आणि आपली भीमगीते

१४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर या तारखा आपल्या वस्तीतल्या लहान मुलांनाही पाठ असतात. मात्र त्या दिवशी लाऊडस्पीकरवर वाजणारे भीमगीत कोणत्या साली मुद्रित झाले, हे क्वचितच कोणाला सांगता येते. म्हणून ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासातील काही तारखा आम्ही येथे देत आहोत.

नोव्हेंबर १९०२ : फ्रेड गैसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची ही सुरुवात.

१५ ऑगस्ट १९२२ : लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म, देशवंडी, ता. सिन्नर, जि. नाशिक. निधन १५ मे २००४. गावोगाव स्वतः गाऊन त्यांनी बाबासाहेबांचा विचार पोचवला.

२० एप्रिल १९३९ : कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरचे 'स्ट्रेंज फ्रूट' हे गीत बिली हॉलिडे यांनी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केले. त्यांच्या कोलंबिया कंपनीने नकार दिल्यावर कमोडोर या छोट्या कंपनीने ती रेकॉर्ड काढली.

१९६३ : फिलिप्सने बर्लिनमध्ये कॅसेट सादर केली. १९८०च्या दशकात ती भारतात स्वस्त झाली आणि लहान कंपन्याही गाणी काढू लागल्या. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागू लागले.

१५ जुलै १९९७ : शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला होता. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटात मुद्रित झाल्यामुळे घोगरे यांचा आवाज आजही ऐकता येतो.

२३ जून २००४ : गायक प्रल्हाद शिंदे यांचे निधन.

या यादीत आपल्या गायक-कवींच्या जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत, पण त्यांच्या एकाही भीमगीताच्या मुद्रणाची तारीख नाही. ही उणीव केवळ आठवणींची नाही, हक्काचीही आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे, तर गीताच्या शब्दांचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटाही दिला. मात्र गीतकाराचे नाव आणि साल कुठेच नोंदलेले नसेल, तर वारसांनी दावा करायचा कशाच्या आधारावर?

घरात जुन्या कॅसेट असतील तर गीतकार, गायक, संगीतकार, कंपनी, कॅसेट क्रमांक आणि साल वहीत उतरवून घ्या. कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कव्हरवर साल नसेल तर वादकांना, ज्येष्ठ कार्यकर्त्यांना विचारा. टेप कालांतराने खराब होते, म्हणून गाणी संगणकावर उतरवा. प्रत्येक विहारात अशी एक वही असली, तर पुढच्या पिढीच्या दिनविशेषात भीमगीतांच्याही तारखा असतील.