औंध, नैरोबी आणि ढालीमागचा प्रश्न

नवस्वतंत्र राष्ट्राचा ध्वज समोर आला की आपण त्याच्या रंगांचे अर्थ विचारतो. तो ध्वज ज्या राज्यव्यवस्थेवर फडकतो, तिच्यात सामान्य माणसाला शिरायला दार कुठे आहे, हे मात्र सहसा विचारत नाही. केनियाच्या राज्यव्यवस्थेचा आणि राष्ट्रचिन्हांचा विचार आम्ही येथे या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने करणार आहोत. वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथे बसून केनियाकडे पाहण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण एका मराठी माणसाचा प्रवास हे आहे. हा प्रवास औंधहून निघतो, आमच्या जिल्ह्यातल्या सेवाग्रामात थांबतो आणि नैरोबीला पोचतो.

औंध हे सातारा-सांगली-विजापूरच्या मुलखात विखुरलेले छोटे संस्थान होते. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्याचे चार तालुके. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि चित्रकार राजे म्हणून ओळखले जाणारे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या नोव्हेंबरात, आपल्या वाढदिवशी, राज्याची सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचे जाहीर केले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत नुकतेच इंग्लंडमधून शिकून परतले होते. पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांना बरोबर घेऊन अप्पासाहेब गांधीजींकडे आले. गांधीजींचा मुक्काम १९३६ पासून वर्ध्याजवळच्या शेगावी होता. त्याच गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. औंधच्या घटनेची चर्चा तेथे झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती घटना अमलात आली. तिची रचना त्या काळी प्रचलित असलेल्या घटनांच्या उलट होती. गावची निवडलेली पंचायत हा पाया, पंचायतींमधून तालुका समिती आणि तालुक्यांमधून विधिमंडळ. सत्ता वरून खाली झिरपण्याऐवजी खालून वर चढावी, अशी ही कल्पना होती.

प्रयोग जेमतेम नऊ वर्षे चालला. १९४८ च्या मार्चमध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींसाठी भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठविले. गावाच्या हाती सत्ता देऊ पाहणारा माणूस आता अशा वसाहतीत आला, जिथे बहुसंख्य आफ्रिकी लोकांना स्वतःच्या जमिनीवरही हक्क नव्हता. उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव होती. भारतीय वंशाचे व्यापारी आणि कारकून मधल्या पायरीवर होते. परदेशस्थ भारतीयांनी आफ्रिकी जनतेच्या हिताला आपल्या हितापेक्षा अग्रक्रम द्यावा, हे नेहरूंचे धोरण अप्पासाहेबांनी मनापासून चालविले. जोमो केन्याटा आणि कोइनांगे कुटुंब यांच्याशी त्यांचा स्नेह होता. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते झटले. गांधीजींच्या स्मरणार्थ भारतीयांनी जमविलेला निधी रॉयल टेक्निकल कॉलेजात मिळविण्यात आला. त्याच संस्थेतून पुढे नैरोबी विद्यापीठ घडले. २० ऑक्टोबर १९५२ रोजी वसाहत सरकारने आणीबाणी पुकारली आणि केन्याटांना अटक झाली. सरकारला अप्पासाहेब नकोसे झाले आणि १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावी लागली.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. नव्या ध्वजावर काळा, तांबडा व हिरवा असे तीन पट्टे, त्यांच्यामध्ये पांढऱ्या रेघा आणि मधोमध मसाई ढाल व दोन भाले आले. काळा रंग जनतेचा, तांबडा लढ्यात सांडलेल्या रक्ताचा, हिरवा भूमीचा आणि पांढरा शांततेचा. या सर्वांच्या रक्षणासाठी ढाल. मुख्य रंग केन्याटांच्या 'कानू' (केनिया आफ्रिकन नॅशनल युनियन) या पक्षाच्या झेंड्यातले होते. येथे आपल्याला आपलाच इतिहास आठवतो. आपल्या तिरंग्याचे रंगही काँग्रेसच्या झेंड्यातून आले. पण २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. रंग राहिले, पक्षाची खूण गेली. केनियाच्या राजचिन्हात मात्र दोन सिंहांच्या मधल्या ढालीवर कुऱ्हाड धरलेला कोंबडा आहे. तो नव्या पहाटेचा दूत असल्याचे सांगितले जाते, पण कोंबडा हीच कानू पक्षाची निशाणी होती. २००२ मध्ये कानूची सत्ता गेली, तरी कोंबडा राजचिन्हावर कायम आहे.

त्याच राजचिन्हाच्या तळाशी 'हरांबे' हा शब्द आहे. सर्वांनी मिळून जोर लावावा, असा त्याचा भाव. अवजड ओझे हलविताना आपल्याकडे एकजण हाक देतो आणि बाकीचे साद देतात, तसाच हा शब्द. राष्ट्रगीताची चालही अशीच लोकांतून आली आहे. ती पोकोमो लोकांच्या एका अंगाईवरून घेतली आहे. आईची अंगाई, गुराख्याची ढाल, ओझेकऱ्यांची हाक अशी ही चिन्हे तळातून वर आलेली आहेत. सत्ता मात्र तशी वर आली नाही.

स्वातंत्र्याच्या वेळच्या घटनेत 'माजिम्बो' म्हणजे प्रांतांची व्यवस्था होती. प्रांतांना स्वतःच्या विधानसभा होत्या आणि केंद्रात सिनेट होती. मोठ्या जमातींच्या वर्चस्वाला भ्यालेल्या लहान जमातींच्या 'काडू' या पक्षाची ही मागणी होती आणि गोऱ्या जमीनदारांनाही ती सोयीची वाटत होती. म्हणूनच केन्याटांच्या अनुयायांना ती जमिनीचा प्रश्न टाळण्यासाठी केलेली वसाहतवाद्यांची चाल वाटली. १९६४ च्या नोव्हेंबरात काडू कानूत विलीन झाला. पुढच्याच महिन्यात केनिया प्रजासत्ताक झाला आणि केन्याटा अध्यक्ष झाले. १९६६ पर्यंत सिनेटही संपली. १९६९ मध्ये विरोधी पक्षावर बंदी आली आणि १९८२ मध्ये अध्यक्ष मोई यांच्या काळात कानू हाच एकमेव कायदेशीर पक्ष ठरला. १९९१ च्या अखेरीस ती तरतूद रद्द होईपर्यंत पक्षाचा कोंबडा आणि राष्ट्राचा कोंबडा वेगळे ओळखणे कठीणच होते.

हा भार सोसलेल्यांत आपल्या नात्यातले लोकही होते. गोमंतकीय घराण्यातले पिओ गामा पिंटो स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून खासदार झाले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. गोमंतकीय पिता आणि मसाई माता यांचे पुत्र जोसेफ मुरुंबी १९६६ मध्ये उपाध्यक्ष झाले, पण काही महिन्यांतच ते पदावरून दूर झाले.

तेव्हा विकेंद्रीकरण हेच उत्तर, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो, कारण 'माजिम्बो' हा शब्द पुढे भयंकर अर्थाने परत आला. १९९० च्या दशकारंभी रिफ्ट व्हॅलीत 'बाहेरच्या' जमातींना हुसकावून लावताना काही पुढाऱ्यांनी हीच घोषणा वापरली. प्रांत आमचा, म्हणून येथे फक्त आम्ही. सत्ता खाली उतरविताना ती खाली कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न राहतोच.

हा प्रश्न आपल्याकडे नेमका विचारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन् नारायण यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र भारतासाठी ग्रामाधिष्ठित 'गांधीवादी' घटनेचा आराखडा पुस्तकरूपाने मांडला होता आणि त्याला गांधीजींची प्रस्तावना होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी मात्र गाव हा घटनेचा घटक मानण्यास नकार दिला. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर, हे त्यांचे मत अनुभवातून आले होते. पंचायतींना मार्गदर्शक तत्त्वांतल्या चाळिसाव्या अनुच्छेदापुरती जागा मिळाली. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तेव्हा पंचायत घटनेच्या मुख्य चौकटीत आली. ती येताना अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांच्या राखीव जागा घेऊन आली. गांधीजींची पंचायत आंबेडकरांच्या अटीवर आली, असे आम्ही याचे वाचन करतो.

केनियाला अशी अट घालायला मोठी किंमत मोजावी लागली. २००७ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर ४ ऑगस्ट २०१० च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी नवी घटना स्वीकारली. तिने देशाची ४७ काउंटींत विभागणी केली. प्रत्येक काउंटीला निवडलेला गव्हर्नर आणि विधानसभा मिळाली. सिनेट परत आली. राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा काउंटींना देणे बंधनकारक झाले. अध्यक्ष होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते तर हवीतच, शिवाय निम्म्याहून अधिक काउंटींत किमान २५ टक्के मते हवीत. केवळ स्वतःच्या जमातीच्या बळावर कोणी निवडून येऊ नये म्हणून. ही तरतूद कागदावरच राहिली नाही, न्यायालयेही बळावली. १ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली.

राष्ट्रचिन्हांचे अभ्यासक जिथे थबकतात, ते कलम नोटांविषयीचे आहे. केनियाच्या नोटांवर केन्याटांची, पुढे मोईंची छबी असे. नव्या घटनेने नोटांवर आणि नाण्यांवर कोणाही व्यक्तीचे चित्र छापण्यास मनाई केली. २०१९ मध्ये नव्या नोटा निघाल्या, तेव्हा त्यांवरील इमारतीच्या चित्रात केन्याटांचा पुतळा दिसतो म्हणून लोक न्यायालयात गेले. आपल्या नोटांवर गांधीजी आहेत. त्यांना ज्या गावाच्या हाती सत्ता द्यायची होती, त्याची पंचायत आजही वरून येणाऱ्या निधीकडे डोळे लावून असते. चित्र काढून टाकणारे आणि चित्र जपणारे यांत कोण गांधीजींच्या अधिक जवळ आहे, हा प्रश्न आम्हांला सुटलेला नाही.

औंधच्या घटनेतून केनियाची घटना निघाली, असे आम्ही म्हणत नाही. दोन्हींना एकच प्रश्न भेटला, एवढेच आमचे म्हणणे. औंधात राजाने सत्ता स्वतःहून खाली ठेवली. नैरोबीत ती अध्यक्षाच्या हातून सोडवून घ्यावी लागली आणि त्याला सत्तेचाळीस वर्षे लागली. केनियाच्या घटनेच्या पहिल्या परिशिष्टात ४७ काउंटींची नावे आहेत. ध्वज, राष्ट्रगीत आणि राजचिन्ह दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आधी माणसे राहतात ती ठिकाणे, मग त्यांच्यावर फडकणारी चिन्हे. ध्वजवंदनाला उभे राहणाऱ्या कोणत्याही देशाने हा क्रम ध्यानात ठेवावा.