दोन लेख, तीन व्याख्यानें

एका अपराधाबद्दल मनुष्यास दोनदां जाब द्यावा लागूं नये, हें तत्त्व १८९८ च्या फौजदारी कायद्यांत ४०३ व्या कलमानें मान्य केलेलें होतें. परंतु श्रोतेहो, एक अपराध कोठें संपतो व दुसरा कोठें सुरू होतो, हें ठरवावयाचें कोणीं? खरी मेख तेथेंच आहे. त्याच कायद्याचें २३३ वें कलम म्हणे, प्रत्येक अपराधाचा आरोप निराळा व खटलाही निराळा. २३४ वें म्हणे, वर्षाच्या आंतील एकाच जातीचे तीन अपराध एकत्र चालवावयास हरकत नाहीं. ही मर्यादा नांवापुरती नव्हती. सुब्रह्मण्य अय्यर यांच्या खटल्यांत ती ओलांडली गेली, म्हणून प्रिव्ही कौन्सिलनें १९०१ सालीं शिक्षाच रद्द केली.

१९०८ सालीं लोकमान्यांवर 'केसरी'तील दोन लेखांबद्दल तीन आरोप आले. प्रत्येक लेखाबद्दल राजद्रोहाचा एकेक, आणि दुसऱ्याच लेखाबद्दल समाजासमाजांत वैर वाढविल्याचा आणखी एक. एका लेखाचे दोन अपराध झाले! आरोप एकत्र चालविण्यास टिळकांनीं घेतलेली हरकत टिकली नाहीं. २२ जुलै रोजीं न्या. दावर यांनीं राजद्रोहाच्या प्रत्येक आरोपाबद्दल तीन वर्षें काळें पाणी, आणि तिसऱ्याबद्दल हजार रुपये दंड ठोठावला. तीन तीन वर्षें एकामागून एक भोगावयाचीं होतीं. दोन्ही शिक्षा बरोबरच चालल्या असत्या, तर मंडालेचा वास निम्मा झाला असता.

सुटकेनंतर टिळकांनीं १ मे १९१६ रोजीं बेळगांवास आणि ३१ मे व १ जून रोजीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, स्वराज्यावर व्याख्यानें दिलीं. या वेळीं सरकारनें आरोपच ठेवला नाहीं. सद्वर्तनाबद्दल जामीन कां घेऊं नये, अशी १०८ व्या कलमाची नोटीस दिली, तीही टिळकांस साठ वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं. १२ ऑगस्ट रोजीं पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनीं वीस हजारांचा मुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. ही युक्ति मला १९०८ च्या खटल्याहून अधिक धूर्त वाटते. आरोप नाहीं, तेव्हां निर्दोष सुटणेंही नाहीं. आणि सुटका नाहीं, तेव्हां ४०३ व्या कलमाची ढालही नाहीं. त्याच व्याख्यानांवर पुढें राजद्रोहाचा खटला भरण्यास सरकार मोकळें!

हायकोर्टांत बॅ. जिना टिळकांच्या बाजूनें उभे राहिले. न्या. बॅचलर व न्या. शाह यांनीं ९ नोव्हेंबर रोजीं मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. सुटीं सुटीं वाक्यें न उचलतां व्याख्यानें समग्र वाचून श्रोत्यांच्या मनावर एकंदर काय ठसा उमटला असता, हें न्या. बॅचलर यांनीं पाहिलें.

दुहेरी शिक्षेस मनाई करणारें तत्त्व १९५० पासून राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदांत आहे. तिनाची ती मर्यादा मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत पांचांवर गेली आहे. त्या हिशेबानें बेळगांवचें एक, नगरचीं दोन, आणि वर आणखी दोन व्याख्यानें एका खटल्यांत सहज बसलीं असतीं.