रुळांवरचे श्रमदान : तालिलिन रेल्वेची कथा

एखादी गोष्ट व्यवहारातून उठून गेल्यावरच आपण तिच्यावर प्रेम करू लागतो काय? साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, घरातली जाती थांबली, आणि मग जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवण्याची निकड अभ्यासकांना अधिक तीव्रतेने जाणवू लागली. ओव्या वाचल्या, जाती मात्र अंगणात पालथी पडली. वाफेच्या आगगाड्यांवरील प्रेमाचा इतिहासही प्रथमदर्शनी असाच, म्हणजे उशिरा सुचलेल्या जिव्हाळ्याचा वाटतो. परंतु त्यात एक प्रकरण असे आहे की जिथे काही माणसांनी केवळ ‘ओव्या’ टिपून न ठेवता जातेच पुन्हा फिरवायला घेतले. वेल्समधील तालिलिन रेल्वेचे ते प्रकरण आम्हांला येथे मांडायचे आहे.

या रेल्वेचा जन्म ज्या घटनेतून झाला, तिचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला. या टंचाईने मुंबईत पैशाचा पूर आणला, शेअरबाजाराला वेड लावले आणि 1865 मध्ये त्याच वेडाने अनेकांना धुळीस मिळवले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच टंचाईची दुसरी बाजू अशी, की लँकेशायरमधील काही गिरणीमालकांना आपला पैसा कापसाबाहेर गुंतवावासा वाटला. त्यांनी वेल्सच्या डोंगरातील ब्रिन एग्लुइस ही पाटीच्या दगडाची खाण हाती घेतली आणि तेथील दगड समुद्रकाठच्या टाउइन गावापर्यंत आणण्यासाठी सव्वादोन फूट रुंदीचा चिमुकला लोहमार्ग बांधला. 1865 मध्ये पार्लमेंटने त्यास कायद्याने मान्यता दिली. ‘तालिलिन’ आणि ‘डॉलगॉख’ ही दोन इंजिने आली. पुढे कित्येक दशके या मार्गाचा भार त्या दोघांनीच वाहिला.

खाणीने मालकांच्या अपेक्षा कधीच पुरत्या फेडल्या नाहीत. 1911 साली खाण आणि रेल्वे दोन्ही सर हेन्री हेडन जोन्स यांनी विकत घेतली. हे गृहस्थ त्या भागाचे पार्लमेंटमधील प्रतिनिधी. आपण जिवंत असेतो गाडी बंद पडू देणार नाही, असा त्यांचा शब्द होता. 1946 च्या अखेरीस खाण कोसळून बंद झाली. 1948 मध्ये ब्रिटनमधील रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ही रेल्वे त्यातून बाहेर राहिली. नेण्यासारखा माल उरला नव्हता, उत्पन्न नव्हते, तरी उन्हाळ्यात आठवड्यातील मोजके दिवस गाडी निघे. दोनांपैकी एकटे डॉलगॉख कसेबसे चालण्याच्या अवस्थेत होते. स्लीपर कुजले होते आणि रूळ जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम पुष्कळ ठिकाणी गवताच्या मुळांकडे आले होते. 2 जुलै 1950 रोजी सर हेन्री वारले. शब्द पाळला गेला होता, आणि त्याची मुदतही संपली होती.

येथवरची कथा त्या काळच्या कितीतरी लहान मार्गांची कथा आहे. अशा मार्गांचा शेवट कसा होई, याचे एक उदाहरण महाराष्ट्राशी निगडित असल्यामुळे येथे देतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली. कुर्डुवाडीकडून बार्शीला जाणारा तिचा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला. बार्शीच्या माळावर मिळालेला अनुभव गाठीशी घेऊन त्याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या एका दरीत तशाच अडीच फुटी मापाचा लीक-मॅनिफोल्ड मार्ग उभारला. 1904 मध्ये तो सुरू झाला. त्याची इंजिने बार्शीच्या इंजिनांच्या वळणावर बेतलेली होती. हा मार्ग 1934 मध्ये बंद पडला, रूळ उखडले गेले आणि 1937 मध्ये त्या वाटेवर पाऊलवाट झाली. हळहळ वाटणारे लोक तेव्हाही असणार. परंतु हळहळणाऱ्याने स्वतः फावडे हाती घ्यावे, ही कल्पनाच अजून जन्माला आलेली नव्हती. आगगाडीचा शौकीन म्हणजे फलाटावर उभा राहून पाहणारा, छायाचित्रे काढणारा मनुष्य. 1942 मध्ये इयान ॲलन यांनी इंजिनांच्या क्रमांकांची पुस्तिका छापली आणि पुढे मुलांच्या पिढ्यान् पिढ्या त्या क्रमांकांवर खुणा करीत वाढल्या, तोही पाहण्याचाच छंद होता.

पाहणाऱ्याचा करणारा झाला, तो एका लेखकामुळे. एल. टी. सी. रोल्ट (1910–1974) हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. तरुणपणी त्यांनी इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. जुन्या कालव्यांतून नावेने केलेल्या प्रवासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक 1944 मध्ये गाजले, आणि 1946 मध्ये कालव्यांच्या रक्षणासाठी निघालेल्या संस्थेच्या संस्थापकांत ते होते. यंत्रयुगात माणसाच्या हातचे कसब आणि त्या कसबातला आनंद हिरावला जात आहे, ही त्यांची खरी चिंता होती. म्हणून यंत्राविषयी त्यांना प्रेम होते आणि यंत्रयुगाविषयी संशय होता. या दोहोंत आम्हांला विसंगती दिसत नाही. लोहाराला ऐरण प्रिय असते, म्हणून कारखान्याचा भोंगाही त्याला प्रिय असलाच पाहिजे असे नाही.

1949 मध्ये रोल्ट यांनी बर्मिंगहॅमच्या एका दैनिकाला पत्र लिहून या रेल्वेकडे लक्ष वेधले. पुढे 11 ऑक्टोबर 1950 रोजी त्याच शहरातील इम्पीरियल हॉटेलात सभा भरली. सुमारे 70 लोक आले. गाडी वाचवावी हे सर्वांना मान्य होतेच. नवा विचार होता तो पुढचा : ती आपणच, सुटीच्या दिवशी, विनामोबदला चालवावी. सर हेन्रींच्या पत्नीने मालकीचे समभाग नव्या व्यवस्थेकडे सोपवले, आणि 14 मे 1951 रोजी स्वयंसेवकांच्या संस्थेची पहिली गाडी टाउइनहून निघाली. प्रारंभी ती मार्गाच्या पहिल्या टप्प्यापुरतीच धावली. जगातील ही अशी पहिलीच रेल्वे होय.

उत्साह आणि ज्ञान यांत अंतर किती असते, हे त्या पहिल्याच वर्षी कळून आले. शेजारच्या कॉरिस रेल्वेचे माप नेमके तेच, सव्वादोन फूट. तो मार्ग 1948 मध्ये बंद पडला होता. त्याची दोन इंजिने प्रत्येकी 25 पौंडांना मिळाली. त्यांपैकी ‘सर हेडन’ असे नाव दिलेले इंजिन मोठ्या आशेने रुळांवर चढवले, तर ते दोन रुळांच्या मधोमध खाली बसले! रुळांतील अंतर ठरल्या मापापेक्षा अधिक होते. जुन्या डॉलगॉखच्या चाकांच्या धावा रुंद असल्यामुळे ती हा दोष निमूटपणे झाकून नेत होती. नव्या इंजिनाच्या अरुंद धावांनी तो उघडा पाडला. दुसरे इंजिन, ‘एडवर्ड थॉमस’, लीड्सच्या हन्स्लेट कारखान्याने मोफत दुरुस्त करून दिले. पण रूळ कोण दुरुस्त करणार? ते काम बर्मिंगहॅमहून शनिवारी येणाऱ्या कारकून, शिक्षक आणि विद्यार्थ्यांनाच करावे लागले. इंजिनावर उभे राहण्याचे स्वप्न घेऊन आलेल्यांच्या वाट्याला आधी खडी आणि गवत आले. आमच्या मते या चळवळीचा खरा आरंभ त्या क्षणी झाला. प्रेमाचे रूपांतर जबाबदारीत होते, ते अशा कंटाळवाण्या कामातूनच.

या घटनेचे तीन साहित्यिक पडसाद लगोलग उमटले आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. 1953 मध्ये रोल्ट यांचे ‘रेल्वे ॲडव्हेंचर’ आले. व्यवस्थापक म्हणून घालवलेल्या 1951 आणि 1952 या दोन हंगामांचा हा वृत्तांत. त्याच वर्षी ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ हा विनोदी चित्रपट झळकला. पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क यांना त्याची प्रेरणा तालिलिनवरूनच मिळाली होती. बस कंपनीच्या विरोधात सारे गाव एक होऊन आपली गाडी वाचवते, आणि पैसा पुरवतो तो सकाळपासूनच मद्य मिळावे म्हणून आगगाडी हवी असणारा एक श्रीमंत! तिसरे पुस्तक मुलांचे. रेव्हरंड ऑड्री यांनी टाउइनला स्वयंसेवक गार्ड म्हणून काम केले होते. एकदा त्यांनी शिट्टी दिली, गाडी सुटली, आणि उपाहाराची व्यवस्था पाहणाऱ्या बाई स्थानकावरच राहिल्या. स्वतःची ही फजिती त्यांनी 1955 च्या ‘फोर लिटल इंजिन्स’ या पुस्तकात इंजिनाच्या नावावर खपवली.

यांतील चित्रपट सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. त्यात गाव आपली गाडी आपणच वाचवते. प्रत्यक्षात वाचवणारे बहुतांशी बाहेरचे, इंग्लंडातील शहरांतून आलेले लोक होते. ज्या वेल्श कामगारांनी डोंगर पोखरून पाटीचा दगड काढला, त्यांच्या दृष्टीने खाणीचे बंद होणे म्हणजे रोजगार जाणे होते. पाहुण्यांना तोच दिवस एका रम्य उद्योगाचा आरंभ ठरला. दगड वाहणारी गाडी प्रवाशांची हौस वाहू लागली. वारशाच्या नावाखाली श्रमाचा इतिहास असा गुळगुळीत होतो, हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2021 मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या पाटी-दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात ब्रिन एग्लुइसची खाण आणि ही रेल्वे एकत्र आहेत. खाणीवाचून रेल्वेचा अर्थ लागत नाही, एवढे तरी त्या नोंदीने मान्य केले आहे.

तरीही त्या शनिवारच्या कामकऱ्यांना केवळ स्मरणरंजनात रमलेले म्हणणे आम्हांला पटत नाही. सकाळी गाडी सुटण्याच्या कितीतरी तास आधी कोणीतरी उठून भट्टीतील राख काढतो, विस्तव घालतो, बॉयलर हळूहळू तापू देतो, सांध्यांना तेल देतो. घाई केली तर धातू ते सहन करीत नाही. कोळसा कुठे, किती आणि केव्हा टाकायचा, हे पुस्तकातून अर्धेच कळते. उरलेले जुन्या फायरमनच्या शेजारी उभे राहून शिकावे लागते. 1955 मध्ये रोल्ट यांनीच रेल्वे अपघातांचा इतिहास लिहिला, हे येथे आठवावे. हौस असली तरी नियमांतून सूट नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? 1960 मध्ये ब्लूबेल आणि मिडल्टन येथे रुंद मापाच्या मार्गांवरही स्वयंसेवक उभे राहिले. ऑगस्ट 1968 मध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरून वाफेला निरोप दिला, तेव्हा ही विद्या कुठे जपायची याचे उत्तर आधीच तयार होते.

आता संकट निराळे आहे. वेल्समधील फॉस-इ-फ्रान ही उघडी कोळसा खाण अशा अनेक गाड्यांना कोळसा पुरवी. ती नोव्हेंबर 2023 मध्ये बंद झाली. हवामानाचा विचार करता कोळशाच्या खाणी बंद होण्याबद्दल शोक करावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या कसबासाठी हा खटाटोप, ते कसबच मुळी कोळशाशी बांधलेले आहे. भट्टीत दुसरे इंधन आले तर विद्या तीच राहील काय?

रूळ बदलले, स्लीपर बदलले, इंजिनांचेही कितीतरी भाग बदलले. मग 1865 च्या त्या रेल्वेतले वाचले काय? आमचे उत्तर असे, की वाचली ती कृती. कुर्डुवाडी-लातूर मार्ग या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद मापाचा झाला, आणि त्या भागातील लोकांना तो हवाच होता. त्याविषयी घरबसल्या गहिवरण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण आपण ज्या गोष्टींविषयी गहिवरतो, मग ती ओवी असो, बोली असो वा एखादे जुने ग्रंथालय, त्यांच्यासाठी आपला एखादा शनिवार खर्ची पडतो काय, हा प्रश्न टाउइनच्या त्या खडी उचलणाऱ्यांनी आपल्यापुढेही ठेवला आहे.