रानातल्या नोंदी, मोबाइलवर

पनवेलहून मुंबई–गोवा महामार्गाने थोडे पुढे गेले की १९६८ साली स्थापन झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य लागते. मोबाइल आणि टॅबलेटवर निसर्गाच्या नोंदी करण्याच्या या शाखेत येणाऱ्या वाचकाचे स्वागत मी याच रानातून करतो, कारण या साधनांची खरी परीक्षा इथे होते. तिबोटी खंड्या विणीसाठी कोकणात येतो तो पावसाच्या तोंडावर, आणि ओढ्याकाठच्या दरडीत बीळ कोरतो. म्हणजे नोंदींचा हंगाम ऐन पावसाळ्यातला. ओल्या पडद्याला बोट कळत नाही, थेंब मात्र कळतो. डोंगराच्या आड रेंज जाते. म्हणून ओडीकेसारखी, रेंज नसताना फॉर्म भरून नंतर पाठवू देणारी साधने हवीत. दाट झाडीत जीपीएसही चुकतो. तेव्हा ठिकाणासोबत तो किती मीटरने चुकू शकतो, हेही नोंदवावे.

वेळ आणि ठिकाण यंत्र टिपेल. काय विचारायचे, ते मात्र अभ्यासकानेच आधी ठरवायचे असते, आणि माझ्या मते या विद्येचा गाभा तिथे आहे. २००२ साली सुरू झालेले, पक्ष्यांच्या याद्या नोंदवण्याचे ईबर्ड यादीच्या शेवटी विचारते: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत ना? या एका होकारामुळे यादीत नसलेला पक्षीही बोलू लागतो. तो तिथे त्या वेळी आढळला नाही, हे कळते. हजारो पक्षीनिरीक्षकांच्या अशा याद्यांच्या बळावर २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा घेता आला.

फॉर्म कोणत्या भाषेत आहे, यालाही फार महत्त्व आहे. रायगडातल्या ठाकर, कातकरी पाड्यांवर रानाची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे. इंग्रजी रकान्यांपुढे ती गप्प बसते. फॉर्ममध्ये स्थानिक नावाचा रकाना आणि आवाज रेकॉर्ड करण्याची सोय ठेवली, तर तीच माणसे उत्तम नोंदकर्ते होतात.

आणि तिबोटीच्या बिळाचे नेमके ठिकाण सार्वजनिक नकाशावर टाकू नये. फोटोसाठी गर्दी जमली की आई-बाप पिलांना भरवायला बिळाकडे फिरकत नाहीत. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्टवर ठिकाण ढोबळ दाखवण्याचा पर्याय आहे. विणीच्या काळात तोच निवडावा.